गाडीच्या कार्पेटवर सांडलेलं दूध आणि त्याचा वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा लागला की हे प्रश्न वाढतात, कारण हिवाळ्यात सांडलेलं दूध तेव्हाच बोलायला लागतं. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एक गोष्ट दोनदा सांगितलेली नाही, लागेल तिथे दुसऱ्या प्रश्नाकडे पाठवलं आहे. दूध आत्ताच सांडलं असेल तर बाकी सगळं राहू द्या, आधी फक्त प्रश्न १ वाचा.

१. दूध आत्ताच सांडलंय, गाडी रस्त्यातच उभी आहे. सगळ्यात आधी काय करू?

गाडी सावलीत घ्या आणि पायाखालची मॅट बाहेर काढा. जुना टॉवेल, पंचा, बनियन, जे सुती आणि कोरडं हाती लागेल ते दुधावर ठेवा आणि त्यावर टाच देऊन उभे राहा. दहा सेकंदांनी कापडाची कोरडी बाजू घ्या आणि पुन्हा तेच करा. घासू नका. घासलं की दूध धाग्यांच्या मुळाशी आणि तिथून खालच्या थरात उतरतं. डागाच्या कडेकडून मध्याकडे या, म्हणजे तो पसरत नाही.

कापडाला दूध लागायचं थांबलं की बाटलीतलं साधं गार पाणी, साधारण २०० मिली, त्याच जागी हळू ओता आणि पुन्हा टिपा. टिपलेलं पाणी पांढुरकं दिसायचं थांबेपर्यंत हे करत राहा. तीन-चार फेऱ्या लागतात. मात्र जेवढं ओतलं जवळपास तेवढं कापडात परत आलं पाहिजे. येत नसेल तर ते खाली जातंय, तेव्हा ओतणं थांबवा.

पेलाभर दूध असेल आणि पंधरा मिनिटांच्या आत एवढं झालं असेल, तर घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी प्रश्न ६ मधली एक फेरी बहुधा पुरते. अर्ध्या लिटरची पिशवी फुटली असेल तर दूध खाली गेलंच आहे असं धरून प्रश्न ४ वाचा.

२. पाणी सांडलं, सरबत सांडलं, कधी एवढा वास आला नाही. दुधालाच का येतो?

कारण दुधात एकाच वेळी तीन गोष्टी कुजतात. पहिली साखर, म्हणजे लॅक्टोज, साधारण पाच टक्के. जिवाणू तिचं लॅक्टिक आम्ल करतात, तो आंबट वास. दुसरी स्निग्धांश. गाईच्या दुधात साडेतीन-चार टक्के, म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के. त्यातून ब्युटिरिक आम्ल सुटतं, तो खवट, ओकारीसारखा वास. तिसरी प्रथिनं, मुख्यतः केसीन. ती सडली की खरा कुजका वास सुटतो. क्रमही साधारण हाच: आधी आंबट, मग खवट, मग कुजका. नाकाला कोणता लागतोय यावरून काम किती जुनं आहे ते कळतं.

त्यात आपल्याकडचं ऊन. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना बंद गाडीतला डॅशबोर्ड भाजतो. सीटखाली तेवढं तापत नाही, तिथे ३५-४० अंश तासन्‌तास टिकतं. हे विरजणाचं तापमान. थोडक्यात, गाडीत दही लागलेलं असतं.

दुधाचा चहा सांडला तरी हाच प्रकार होतो, फक्त दूध कमी म्हणून वास कमी.

३. गरम पाण्याने धुतलं तर लवकर निघेल ना? किंवा दिवसभर उन्हात दारं उघडी ठेवली तर?

दोन्ही नको. ताजं दूध तापवलं तर फुटत नाही, पण जरा आंबलेलं तापवलं की लगेच नासतं. कार्पेटमधलं दूध आंबलेलंच असतं. त्यावर कडकडीत पाणी ओतलं की धाग्यांमध्ये पनीर तयार होतं आणि ते पाण्याने निघत नाही.

उन्हात वरचा थर वाळतो, वास दबतो आणि काम झालं असं वाटतं. खाली वाळलेलं दूध जागच्या जागी असतं. मृगाचा पहिला पाऊस झाला, हवेत ओल आली की ते पुन्हा वास मारतं. ऊन वापरायचं ते शेवटी, धुऊन झाल्यावर. कोमट पाणी फक्त एन्झाइम क्लीनरसोबत (प्रश्न ५), तेही हाताला जेमतेम गरम लागेल इतकंच.

४. दोनदा शाम्पूने धुतलं. कार्पेट नव्यासारखं दिसतं, तरी दुपारी दार उघडलं की भपकारा येतोच. असं का?

कारण वास दिसणाऱ्या कार्पेटमध्ये नाहीच. गाडीचा तळ तीन थरांचा असतो. वर पातळ कार्पेट, त्याखाली आवाज आणि उष्णता अडवणारा फेल्टचा (दाबून बसवलेल्या तंतूंचा) किंवा फोमचा जाड थर, आणि सगळ्यात खाली पत्रा. कार्पेट दूध धरून ठेवत नाही, खालचा फेल्ट स्पंजासारखा पितो. शाम्पू आणि ब्रश वरच्या काही मिलिमीटरपर्यंतच पोहोचतात. उलट, शाम्पूचं पाणी खालच्या दुधाला पुन्हा ओलं करतं, म्हणून धुतल्यानंतर दोन दिवस वास वाढल्यासारखा वाटतो.

दूध सांडलं तिथेच थांबत नाही हेही लक्षात घ्या. ते उताराने जातं. हे सगळं हाताने चाचपून पाहा: सीटच्या रुळांखाली, मधल्या उंचवट्याच्या कडेला, दाराकडच्या पट्टीखाली, आणि पुढे सांडलं असेल तर मागच्या पायाच्या जागेतही. गाडी तेव्हा चढावर उभी होती की उतारावर, हे आठवलं तर अर्धा शोध वाचतो.

५. एन्झाइम क्लीनर म्हणजे नेमकं काय? कोणतं घ्यावं?

साबण घाण सैल करून पाण्यात आणतो, पण ते पाणी बाहेर ओढावं लागतं. एन्झाइम दुधाचे मोठे रेणू तोडून विरघळणारे करतात. जिथे ब्रश जात नाही तिथे हाच उपाय. बाटलीच्या मागे दोन नावं शोधा: प्रोटीएज (प्रथिनांसाठी) आणि लायपेज (स्निग्धांशासाठी). म्हशीचं दूध असेल तर लायपेज हवंच. कुत्र्या-मांजरांच्या लघवीसाठी मिळणारी क्लीनर चालतात, पण त्यात ही दोन्ही आहेत का ते पाहून घ्या. नुसतं 'वास घालवणारं' लिहिलेली बाटली म्हणजे बहुतेक वेळा अत्तर.

तालुक्याच्या गावी असं क्लीनर मिळालं नाही आणि सांडलेलं दूध पेलाभरच असेल, तर घटकांत एन्झाइम लिहिलेली कपड्यांची पावडर किंवा लिक्विड चालेल. प्रमाण एक लिटर कोमट पाण्याला एक सपाट चमचा, जास्त नाही. साबण उरला तर तो आपली काळी माती धरून ठेवतो आणि महिन्याभरात त्या जागी काळपट ठिपका दिसतो. सुटी धुण्याची पावडर नको, तिच्यात बहुतांश सोडा असतो.

६. ते वापरायचं कसं? फवारलं, पुसलं, काहीच फरक नाही.

फवारल्यामुळेच फरक नाही. दूध जिथे गेलं तिथपर्यंत एन्झाइम गेलं पाहिजे.

आधी कोरडी धूळ झाडून किंवा व्हॅक्युमने ओढून काढा, नाहीतर तिचा चिखल होतो. आधी फिनाईल, डेटॉल किंवा व्हिनेगर वापरलं असेल तर साध्या पाण्याने दोनदा खळबळून टिपून घ्या, कारण ही सगळी एन्झाइम निकामी करतात. सीटखालच्या कोपऱ्यात थेंबभर टाकून रंग जातो का ते बघा.

मग ओता. सांडलेल्या दुधाच्या दीडपट, आणि डागाच्या कडेपासून चार बोटं बाहेरपर्यंत. हाताने दाबत राहा म्हणजे खाली उतरेल. वर स्वच्छ प्लॅस्टिक अंथरा आणि ८ ते १२ तास सोडा. एन्झाइम ओलं असेपर्यंतच काम करतं. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळी हवेत उघडं ठेवलं तर ते दोन तासांत वाळून जातं, आणि लोक म्हणतात औषध खोटं होतं. गाडी सावलीत ठेवा. साठ अंशांच्या पुढे एन्झाइम स्वतःच मरतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री ठेवू नका, थंडीत ते सुस्तावतात. तेव्हा सकाळी दहाला ओता आणि संध्याकाळी काढा.

शेवटी पाणी ओढणाऱ्या व्हॅक्युमने ओढून काढा (नसेल तर प्रश्न ७), लिटरभर साधं पाणी ओतून पुन्हा ओढा, आणि वाळवा (प्रश्न १४). पहिल्या फेरीनंतर एखादा दिवस वास वाढला तर घाबरू नका, आतलं तुटून वर येतंय. जुन्या डागाला दोन-तीन फेऱ्या लागतात.

७. पाणी ओढणारं व्हॅक्युम नाही. घरातला झाडायचा व्हॅक्युम चालेल का?

नाही. त्याच्या मोटरमध्ये पाणी जातं, मोटर जळते आणि विजेचा झटकाही बसू शकतो. त्यावर 'वेट अँड ड्राय' लिहिलेलं असेल तरच.

नसेल तर आठ-दहा जुने टॉवेल गोळा करा. एक टॉवेल चौपदरी घडी करून ओल्या जागेवर ठेवा आणि त्यावर पिण्याच्या पाण्याचा भरलेला जार ठेवा. २० लिटरचा जार म्हणजे २० किलो वजन. वीस मिनिटांनी टॉवेल बदला. टॉवेल जवळजवळ कोरडा निघेपर्यंत हे चालू ठेवा. वेळखाऊ आहे, पण हाताने दाबण्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी निघतं. किंवा गावातल्या वॉशिंग सेंटरला फक्त पाणी ओढून द्यायला सांगा.

८. खायचा सोडा, व्हिनेगर, लिंबू, कॉफी, कोळसा: यातलं खरंच काय चालतं?

खायचा सोडा चालतो, पण शेवटी. खवट वास आम्लाचा आहे आणि सोडा त्या आम्लाला मारतो. कार्पेट पूर्ण कोरडं झाल्यावर पायाच्या एका जागेसाठी १०० ते १५० ग्रॅम पसरा, रात्रभर ठेवा आणि सकाळी ओढून काढा. ओल्या कार्पेटवर टाकला तर त्याची खपली होते आणि ती सीटच्या रुळांत जाऊन बसते. फेल्टमधल्या दुधापर्यंत तो पोहोचत नाही, हेही खरं.

व्हिनेगर आणि लिंबू ताज्या दुधावर तर अजिबात नको. दुधात लिंबू पिळलं की काय होतं ते प्रत्येक घरात माहीत आहे. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की फेस छान येतो, पण दोन्ही एकमेकांना संपवतात आणि उरतं खारट पाणी.

कोळसा हवेतला वास धरतो. चुलीतला साधा कोळसा थोडा, सक्रिय कोळसा जास्त. कॉफी, कापूर, उदबत्ती, डांबर गोळ्या नुसतं झाकतात. डांबर गोळ्या तर बंद गाडीत, विशेषतः लहान मूल असेल तर, ठेवूच नका. दूध आणि मोगरा यांचा मिळून जो वास होतो तो दोघांपेक्षा वाईट.

९. फिनाईलने पुसलं तर जंतू मरतील आणि वास थांबेल ना?

जंतू थोडे मरतील, त्यांचं खाद्य तिथेच राहील. चार दिवसांत नवे येतात. शिवाय फिनाईलचा वास फेल्टमध्ये बसला की तो महिनोन्‌महिने निघत नाही. ब्लीचिंग पावडर रंग उडवते आणि पत्रा गंजवते. ती व्हिनेगरसोबत किंवा संडास धुण्याच्या आम्लासोबत मिसळली तर क्लोरीन वायू निघतो. बंद गाडीत हे जिवावर बेतू शकतं.

१०. घरी गूळ आणि फळांच्या साली घालून बायोएन्झाइम केलंय. ते चालेल?

फरशीसाठी ठीक, यासाठी नाही. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी घालून तीन महिने आंबवलेलं ते द्रावण मुख्यतः आंबट असतं, व्हिनेगरच्या जातीचं. नावात एन्झाइम असलं तरी दुधाची प्रथिनं तोडण्याइतकं प्रोटीएज त्यात असेल याची खात्री नसते. आंबटपणाने दूध फुटतं ते वेगळंच, आणि उरलेल्या गुळाला मुंग्या येतात.

११. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, लई जड. त्याने धुतलं तर चालेल?

धुवायला चालेल, शेवटच्या खळबळीला नको. जड पाण्यात साबणाचा साका होतो आणि वाळल्यावर कार्पेटवर पांढरी क्षाराची कड उठते. ती दुधाचा डाग समजून लोक पुन्हा धुतात आणि आणखी क्षार घालतात. शेवटचे दोन लिटर फिल्टरचं किंवा जारचं पाणी वापरा.

पाण्याची टंचाई असेल तर ही चिंता नको: नीट टिपत गेलं तर सगळं मिळून सात-आठ लिटर पुरतं. पाइप लावून धुणं पाण्याची नासाडी तर आहेच, पण ते दुधाला आणखी खोल ढकलतं.

१२. कार्पेट उचलायचं म्हणजे सीट काढावी लागेल का? घरी जमेल?

बऱ्याचदा पूर्ण सीट काढावी लागत नाही. दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी क्लिपवर बसवलेली असते, ती सरळ वर ओढली की निघते. तिच्या पुढची, पायाजवळची बाजूची पट्टीही काढली की कार्पेट दाराच्या बाजूने वीतभर उचललं जातं. लाकडाचे ठोकळे किंवा विटेचे तुकडे लावून ते उचललेलं ठेवा. हाताने फेल्ट दाबून पाहा. ओला किंवा चिकट लागला तर दूध तिथे आहे. काही गाड्यांत फेल्ट सुटा असतो, काहींत कार्पेटला चिकटलेला. सुटा असेल तर काम अर्ध्यावर येतं: बाहेर काढा, टबमध्ये प्रश्न ६ प्रमाणे एन्झाइममध्ये भिजवा, पिळू नका, दाबून पाणी काढा आणि गच्चीवर दोन दिवस वाळवा.

पत्रा पुसून घ्या. दूध जास्त दिवस राहिलं तर आम्लाने रंग फुगतो आणि गंज धरतो. तिथे बारीक सँडपेपर मारून प्रायमर लावा. तळाला रबरी बुचं असतात. पाणी साचलं असेल तर ती काढून पाणी सोडता येतं, पण परत लावायला विसरू नका. विसरलात तर पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणी खालून आत येतं.

सीट काढावीच लागली तर ते काम गॅरेजमध्ये करून घेतलेलं बरं. घरी करणार असाल तर १० नंबरच्या पान्याने बॅटरीची ऋण तार काढून किमान दहा मिनिटं थांबा. सीटचे बोल्ट बहुतेक गाड्यांत १४ नंबरचे असतात आणि चार असतात. सीट मागे कलती करून खाली पाहा. पिवळ्या रंगाचे कनेक्टर एअरबॅग आणि बेल्टचे असतात. ते सुटे असताना चावी चालू करू नका, मीटरवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो बहुधा स्कॅनर लावूनच जातो. बोल्ट परत बसवताना अंदाजे आवळणं चालत नाही. अपघातात तुम्हाला धरून ठेवतात ते हेच चार बोल्ट.

१३. माझ्या गाडीला ७डी मॅट आहे, आतून लॅमिनेशनही केलंय. मग दूध खाली जाणारच नाही ना?

जातं, आणि जास्त अडकतं. ७डी मॅट वरून पाणी धरत नाही, पण शिलाईच्या भोकांतून आणि कडेने दूध आत शिरतं आणि तिच्या पोटातल्या फोममध्ये बसतं. मॅट बाहेर काढून उलटी करा आणि शिलाईजवळ नाक न्या. वास तिथेच असेल तर कार्पेट निर्दोष आहे. मॅट प्रश्न ६ प्रमाणे धुऊन पाहा. दोन फेऱ्यांत नाही गेला तर मॅट बदला.

लॅमिनेशन जास्त त्रासदायक. कंपनीच्या कार्पेटवर रेक्झिनचा थर घट्ट बसवलेला असतो. जोडातून खाली गेलेलं दूध तिथे वाळतच नाही, कारण वर हवा जायला वाट नाही. वर कितीही पुसा. कडेने सोडवून निदान त्या एका बाजूचा थर उचलावाच लागतो. ज्याने बसवलं त्याच्याकडूनच सोडवून घ्या, फाटण्याची शक्यता कमी.

१४. वाळवायला किती वेळ द्यायचा? पावसाळ्यात काय?

मार्च ते मे: दारं उघडी, कार्पेट उचललेलं, टेबल फॅनचा वारा थेट फटीत. २४ तास पुरतात. पावसाळ्यात तीन दिवस धरा, आणि तेवढा वेळ नसेल तर धुण्याचं कामच दोन कोरड्या दिवसांवर ढकला. ओल राहिली तर दुधाच्या वासाची जागा बुरशीचा वास घेतो.

टिश्यू पेपरची घडी ठेवून त्यावर दहा सेकंद उभे राहा. पेपर कोरडा निघाला तरच मॅट घाला. हेअर ड्रायर नको, कारण प्रश्न ३ मध्ये आहे. उघड्या दारांमुळे आतला दिवा जळत राहतो आणि बॅटरी उतरते, तो आधी बंद करा.

१५. दूध सीटवर आणि बेल्टवर पडलं तर?

सीटच्या फोममध्ये ओतायचं नाही. पुढच्या डाव्या सीटमध्ये बेल्टच्या इशाऱ्याचा सेन्सर असतो, काही सीटच्या बाजूला एअरबॅग असते. एन्झाइम कापडावर घेऊन दाबून लावा, थोडं थोडं, चार-पाच वेळा. सीट कव्हर असेल तर काढून वेगळं धुवा, दूध बहुधा कव्हर आणि मूळ कापड यांच्या मध्ये असतं.

बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, परत जाऊ नये म्हणून चिमटा लावा, सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच आत सोडा. ब्लीच कधीच नाही, पट्ट्याची ताकद जाते. दूध बकलच्या आत गेलं आणि खटका नीट लागत नसेल तर बकल बदला.

१६. डिकीत दुधाचा कॅन आडवा झाला. पाच-सहा लिटर तरी गेलं असेल.

आधी स्टेपनी काढा. दूध स्टेपनीच्या खड्ड्यात साचतं, आणि तिथे वाकून बघायचं कोणाच्या लक्षात येत नाही. खड्ड्यातलं टिपा, तळाचं रबरी बूच असेल तर काढून पाणी सोडा. डिकीचं कार्पेट आणि त्याखालचा पुठ्ठ्याचा किंवा लाकडी तक्ता दोन्ही बाहेर काढा. पुठ्ठ्याने दूध प्यायलं असेल तर तो फेकून नवा कापून घ्या. धुऊन तो सुधारत नाही. मागच्या सीटची पाठ आणि डिकीच्या कडेचे खणही तपासा.

सीएनजी गाडी असेल तर टाकीच्या पट्ट्यांखाली दूध जातं. टाकी आणि तिचे नट स्वतः हलवू नका, अधिकृत सीएनजी फिटरकडूनच ते काम करून घ्या.

१७. चिकाचं दूध, दही, बासुंदी, खवा, बाळाची पावडर: सगळ्यांना हेच लागू?

मूळ पद्धत हीच, पण सुरुवात वेगळी.

चीक सगळ्यात अवघड. त्यात प्रथिनं साध्या दुधापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून तर नुसत्या वाफेवर खरवस जमतो. गाडीतही जमेल. पाणी गारच हवं, आणि उशीर नको.

दही आणि ताक आधीच फुटलेलं असतं. चमच्याने खरवडून काढा, मग पाणी. बासुंदी आणि कोजागिरीचं मसाला दूध यांत साखर भरपूर, म्हणून पाण्याच्या फेऱ्या दुप्पट करा. केशराचा पिवळा डाग राहिला तर तो वासाचा प्रश्न नाही.

खवा किंवा पेढा चिरडला गेला असेल, भूम-कुंथलगिरीकडून येताना हे होतंच, तर बर्फाचा खडा पिशवीत घालून त्यावर दहा मिनिटं ठेवा. घट्ट झाला की खरवडा. इथे खरा प्रश्न स्निग्धांशाचा, लायपेज असलेलंच क्लीनर घ्या.

बाळाच्या पावडरच्या दुधात वनस्पती तेलं असतात, तेव्हा तिथेही तसंच. बाळाने ओकलेलं दूध असेल तर हातमोजे घाला, बाकी प्रश्न ६.

१८. दोन महिने झाले. खाली हिरवट-काळे ठिपके आहेत, एकदा अळ्याही दिसल्या.

अळ्या आणि मुंग्या हे दूध अजून शिल्लक असल्याचं लक्षण. कीटकनाशक पावडर किंवा खडू गाडीत वापरू नका, तुम्ही तीच हवा घेता. दूध गेलं की त्या आपोआप जातात. उंदरांचं मात्र मनावर घ्या, वासाने आलेला उंदीर वायरिंगपर्यंत पोहोचतो.

फेल्टवर बुरशी धरली असेल, तो हातात तुटत असेल, किंवा तीन एन्झाइम फेऱ्यांनंतरही वास तसाच असेल तर धुणं थांबवा आणि तेवढा तुकडा बदला. कुशनवाल्याकडे त्याच जाडीचा फेल्ट मिळतो. पूर्ण कार्पेट बदलायची गरज क्वचितच पडते. बुरशी काढताना तोंडाला मास्क बांधा.

वरच्या कार्पेटला थोडा वास उरला असेल तर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरता येतं. ते बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं, त्यात तेवढंच पाणी घाला. एन्झाइमचं काम संपल्यावरच, आणि आधी कोपऱ्यात रंग तपासून. काळ्या कार्पेटवर टाळा.

१९. वास खरंच गेला की माझ्या नाकाला सवय झाली?

गाडी काचा बंद करून दोन तास उन्हात ठेवा आणि ती रोज न वापरणाऱ्या माणसाला दार उघडायला लावा. सकाळच्या गारव्यात केलेली परीक्षा खोटी.

दूध नेमकं कुठे आहे ते शोधायला नोटा तपासायची अतिनील टॉर्च अंधारात वापरा. वाळलेलं दूध चमकतं. पण कपड्यांची पावडर वापरली असेल तर तीही निळसर-पांढरी चमकते, तेव्हा धुण्याआधी टॉर्च मारणं बरं.

२०. सगळं झालं, उन्हातली परीक्षाही पास. तरी एसी लावला की पहिले दोन मिनिटं वास येतो.

आतली हवा फिरवण्याच्या मोडमध्ये एसी बऱ्याच गाड्यांत पुढच्या डाव्या पायाजवळून हवा ओढतो. इतके दिवस त्याने दुधाचाच वास ओढला. ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर बदला, धुऊन चालत नाही. मग काचा उघड्या ठेवून बाहेरच्या हवेच्या मोडवर पंखा पूर्ण वेगाने पंधरा मिनिटं चालवा. फिल्टर आधी बदलू नका, वास शिल्लक असेल तर नवाही खराब होतो.

२१. वॉशिंग सेंटरवाला म्हणतो स्टीम आणि ओझोन मारतो, एका तासात वास गायब. द्यावी का गाडी?

आधी तीन गोष्टी विचारा. कार्पेट उचलणार का? पाणी ओढायचं मशीन आहे का? वाळवायला गाडी किती वेळ ठेवणार? तिन्हींची उत्तरं गोलमोल आली तर पैसे वाया. एका तासात कोणाचंही फेल्ट वाळत नाही.

वाफ प्रथिनं निघून गेल्यानंतर चालते, आधी मारली तर प्रश्न ३ मधलं पनीर होतं. ओझोन कार्पेटमध्ये आणि हवेत उरलेल्या हलक्या वासावर काम करतो, ओल्या दुधावर नाही. तो फुप्फुसांना घातक आहे. मशीन चालू असताना गाडीत कोणी नको, आणि नंतर अर्धा-एक तास सगळी दारं उघडी हवीत.

२२. गाडी इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड आहे. काही वेगळं?

हो. तळाखाली किंवा मागच्या सीटखाली मोठ्या विद्युतदाबाची (हाय व्होल्टेज) बॅटरी असते आणि तिच्या तारा नारिंगी असतात. टिपणं आणि एन्झाइमची थोड्या प्रमाणातली फेरी ठीक. दूध मागच्या सीटखाली गेलं असेल तर पाणी ओतू नका, सीट उचलू नका, सर्व्हिस सेंटरला न्या.

२३. रोज सकाळी डेअरीला दूध कारमधूनच न्यावं लागतं. कधी ना कधी सांडणारच. आधीच काय करून ठेवू?

डिकीत कडा उभ्या असलेला प्लॅस्टिकचा ट्रे ठेवा, निदान चार बोटं उंचीचा. साधी मॅट पुरत नाही, तिच्यावरून दूध वाहून जातं. ट्रेमध्ये गोणपाटाची जाड घडी घाला आणि कॅन त्यात रुतवून ठेवा. घडी रोज धुऊन वाळत घाला, नाहीतर वास तिच्यातच बसेल. कॅन तोंडापर्यंत भरू नका. झाकणाखालचा रबरी रिंग कडक झाला असेल तर बदला, गळती बहुतेक तिथूनच होते. कॅन मागच्या सीटच्या पाठीला टेकवून बांधा, कारण तो उलटतो तो वळणावर कमी आणि गतिरोधकाआधीच्या ब्रेकला जास्त. दोन जुने टॉवेल आणि दोन लिटर पाणी गाडीत कायम असू द्या.